ट्रामचा मार्ग आणि डेपोची जागा

सांगली-मिरजेत ट्राम आणायची झाल्यास तिचा मार्ग कसा असावा, या चर्चेत आलेली 'सांगली स्टेशन ते मिरज जंक्शन अशी सरळ ट्राम टाका' ही सूचना आकर्षक असली तरी मला पटत नाही, कारण त्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे आधीच आहे. ट्रामला प्रवासी मिळतात ते मधल्या थांब्यांवर. अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये २००१ साली सुरू झालेल्या मार्गाची टोके रुग्णालय आणि विद्यापीठ ही होती, आणि तिथे रुळांखालचा काँक्रीटचा थर मुद्दाम उथळ ठेवल्याने जमिनीखालच्या बऱ्याच वाहिन्या हलवाव्या लागल्या नाहीत. आपल्याकडे विश्रामबागची महाविद्यालये, मार्केट यार्ड आणि मिरजेचे दवाखाने एका माळेत येतात; एक्स-रेचे मोठे पाकीट काखेत धरून जंक्शनवर उतरणारा कर्नाटकातला रुग्ण पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस करतो, तो या मार्गाचा खरा प्रवासी. कुपवाड एमआयडीसीला मात्र फाटा हवा, आणि त्यावरच्या फेऱ्या पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळल्या नाहीत तर कामगार दुचाकी सोडणार नाही.

डेपोचा विषय अजून कोणी काढलेला नाही. ट्रामच्या मोटारी बहुधा चाकांजवळ, अगदी खाली असतात; डेपोत पुराचे पाणी शिरले तर आधी त्याच भिजतील. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. त्यामुळे नदीकाठच्या गावभागाजवळची (सांगलीच्या जुन्या वस्तीजवळची) मोकळी जागा कितीही स्वस्त मिळाली तरी डेपो मिरजेच्या बाजूला, उंचावरच असावा आणि पूर आल्यास विश्रामबागपासून मिरजेकडची सेवा स्वतंत्रपणे चालवता यावी, यासाठी तिथे गाडी फिरवण्याची सोय आराखड्यातच धरावी.