मदत हवी आहे: एसटीची फेरी आतपर्यंत आणायची आहे, पण गावच एकत्र येत नाही

रानवारा:
नमस्कार. जरा लवकर उत्तरं द्या, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी काहीतरी ठरायला पाहिजे. आमच्याकडे गाडी येत नाही, फाट्यावर सोडते. आगारात गेलो तर साहेब म्हणाले, गावाचा ठराव आणा, शाळेचं पत्र आणा, मग बघू. आता पारावर विषय काढला की सगळे "व्हायला पाहिजे, व्हायलाच पाहिजे" म्हणतात आणि सहीचा कागद पुढे केला की ज्याला त्याला म्हशीची धार आठवते. लोकांना तयार कसं करायचं? कुणी केलंय का? पत्रकारांना बोलवा असं सांगू नका, ते करून झालं.

कर्वेरोडकर:
पुण्याची पीएमपी बस ना? २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र झाल्यापासून हद्दीबाहेरही गाड्या जातात. आमच्या सोसायटीने नगरसेवकाला गाठलं होतं. तेच करा.

रानवारा:
अहो, ग्रामसभा लिहिलंय. नगरसेवक कुठून आणू? सातारा जिल्हा. शीर्षकात एसटी आहे.

चहाबाज:
फाटा किती लांब? रस्ता डांबरी आहे का? गाडी वळायला जागा आहे? फेरी किती वाजताची हवी? 'गाडी येत नाही' एवढ्यावरून काय कळणार, कप्पाळ?

रानवारा:
सात किलोमीटर, मधे तीन वाड्या. डांबर गेल्या साली पडलं. मारुतीच्या देवळापुढं उसाचा ट्रक वळतो, एसटीचं काय घेऊन बसलात. वेळ कुठलीही चालेल.

जुना_कंडक्टर:
"कुठलीही चालेल" म्हणालात की तुमचा कागद तळाला गेलाच म्हणून समजा. सगळी नोकरी तिकिटं देण्यात गेली, म्हणून सांगतो. आगारवाले भारमान बघतात, म्हणजे गाडी किती भरते ते. भर दुपारी रिकामी गाडी कोण पाठवेल? शाळा-कॉलेजच्या वेळेला सकाळी नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, अशी जोडी मागा. पास लागणाऱ्या पोरांची वाडीनिहाय यादी मुख्याध्यापकांकडून घ्या. रस्ता गाडीच्या लायक आहे असं बांधकाम विभागाचं पत्र जोडलंत तर अर्ज हलायला सोपा. आणि मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाला खोली, पाणी, संडास गाव देणार हे ठरावातच लिहा. नुसतं 'सोय करू' नको. त्या 'सोयी'त मी देवळाच्या ओसरीवर कुत्र्यांबरोबर झोपलोय.

माहितीवाला_भाऊ:
माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. सोबत 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार.

चहाबाज:
भाऊ, त्यांना सह्या गावकऱ्यांच्या मिळत नाहीयेत. गावकऱ्यांवर माहिती अधिकार टाकणार का? दर धाग्यावर हेच औषध.

माळावरची:
सह्या मागितल्या कुणाकडं? पारावर, म्हणजे बापयांकडं. दारात मोटारसायकल असलेल्याला एसटीचं काय पडलंय? २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना फुकट, मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. वडापची खासगी जीपवाला यातलं काय देतो? बचत गटाच्या बैठकीत जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचीच असते, तिथं आधी विषय मंजूर करून घ्या आणि मग ग्रामसभेत. आमच्याकडं कोरेगाव बाजूला बायकाच पुढं झाल्या, पुरुष नंतर हात वर करायला आले.

पीळदार_मिशी:
या अर्ध्या तिकिटानंच एसटी बुडाली.

जुना_कंडक्टर:
सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं. उशिरा देतं म्हणा हवं तर, पण गाड्या भरल्या त्या या सवलतीनंच.

पीळदार_मिशी:
मग २०२१ ला संप का केलात?

जुना_कंडक्टर:
तेव्हा ही सवलत होती कुठं? आणि संप महामंडळाच्या सरकारात विलीनीकरणासाठी होता.

चहाबाज:
संपाचा वेगळा धागा काढा रे.

रानवारा:
वडापचा विषय निघाला म्हणून सांगतो. फाट्यावरच्या जीपपैकी एक सरपंचांच्या मेहुण्याची आहे.

चहाबाज:
हे आत्ता सांगताय???

रानवारा:
गावात सगळ्यांना माहीत आहे.

चहाबाज:
आम्ही तुमच्या गावात राहतो का!

जुना_कंडक्टर:
मेहुण्याला आधी घरी जाऊन भेटा. ग्रामसभेत चारचौघांत विषय फुटला की तो इरेला पेटणार. दोन फेऱ्यांनी जीपवाल्याचं पोट मारलं जात नाही, मधला सगळा दिवस त्याचाच आहे, हे शांतपणे सांगा.

पीळदार_मिशी:
बिलकूल नको. आमच्याकडं असंच गोडीगुलाबीनं घेतलं. गाडी सुरू झाली, मग जीपवाले एसटीच्या दहा मिनिटं आधी येऊन माणसं भरून न्यायला लागले. भारमान पडलं, फेरी बंद. सह्या करणारेच जीपमध्ये बसलेले. ठरावापेक्षा पहिल्या महिन्यात एसटीत कोण बसणार ते ठरवा.

माळावरची:
मिशीवाले पहिल्यांदाच कामाचं बोलले. वाडीवार चार-चार बायकांवर ती जबाबदारी टाका. आणि गणपूर्ती बघा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाहीतर सभाच तहकूब.

कर्वेरोडकर:
मागायचीच तर इलेक्ट्रिक मागा. १ जून २०२२ ला शिवाई पुणे-नगर धावली. १९४८ साली पहिली एसटीही १ जूनलाच, त्याच मार्गावर निघाली होती.

चहाबाज:
आणि चार्जिंग मारुतीच्या शेंदरी दिव्यावर करायचं?

रानवारा:
कर्वेरोडकर, आम्हाला पत्रा वाजणारी लालपरी चालेल हो. बचत गटाची बैठक शुक्रवारी आहे. बायको म्हणते, तुम्ही येऊ नका, मी बोलते. मेहुण्याचं काय करायचं ते ठरत नाही, तुम्ही दोघं आधी एक काय ते सांगा. दुसरं म्हणजे मुख्याध्यापक रजेवर आहेत. विद्यार्थ्यांची यादी क्लार्कनं सही करून दिली तर चालेल का?

जुना_कंडक्टर:
क्लार्कची नको, परत पाठवतील. प्रभारी कोण आहे ते बघा, त्यांची सही आणि शाळेचा गोल शिक्का. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि आवक नंबर घेतल्याशिवाय आगारातून हलू नका.