‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर कागद : संस्कार की भित्रेपणा?

खाडीपलीकडचा

काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, की आपल्या तालुक्याच्या वाचनालयाने जुन्या मासिकांच्या प्रदर्शनात र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाच्या अंकांवर कागद डकवला ते उत्तम झालं, शाळेची मुलं येतात आणि असली चित्रं कोकणच्या संस्कारात बसत नाहीत. डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ते प्रदर्शन पाहिलंय. काचेच्या कपाटात अंक मांडलेत. मासिकाचं नाव दिसतं, किंमत दिसते, आणि मधल्या विवस्त्र बाईवर मानेपासून घोट्यापर्यंत वहीचा रेघी कागद. तोही खळ लावून. खळ आत मुरून मूळ पान सुरकुतलंय, एका अंकाचा कोपरा उचलून फाटायला आलाय. कोणीतरी इतकी वर्षं वाळवीपासून, पावसाळी दमटपणापासून जपलेला अंक आपण एका दुपारी नासवला.

कर्वे घराणं दापोलीच्या मुरुडचं. रघुनाथरावांनी १९२७च्या जुलैत हे मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्री ते समजून उमजून छापत. नग्न शरीर म्हणजे अश्लील नव्हे, ही त्यांची भूमिकाच होती. १९३१ साली खटला झाला, दंड भरला. १९३४ साली पुन्हा खटला, कारण वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी उत्तरं दिली होती. त्या वेळी वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असं कोर्टात सांगणारा वकील आणि ज्याच्यासाठी सांगितलं तो संपादक, दोघांची मुळं आपल्याच मातीतली. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. मग कोकणचे संस्कार नेमके कोणते? त्यांचे, की रेघी कागदाचे?

माझं म्हणणं एवढंच आहे. चित्र कोणाच्या संमतीशिवाय काढलंय का, कोणाला फसवून, धमकावून काढलंय का, त्यात लहान मूल आहे का, हे विचारा. तिथे कायद्याने गय करू नये. बाकी मोठ्या माणसाने काय पाहावं ते वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवायचं कारण नाही.

मास्तर_दापोली

कर्वे आम्हालाही माहीत आहेत, ते तुमच्या एकट्याचे नाहीत. पण तुम्ही मोठ्या माणसांबद्दल बोलताय आणि प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे.

मी आठवी-नववीला शिकवतो. गेल्या वर्षी एका मुलाच्या दप्तरात फोन सापडला. त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही. मी रागावलो नाही, बाजूला बसवून विचारलं. म्हणाला, “सर, बाई नको म्हणते ते खोटं असतं.” हे त्याला कोणी शिकवलं? त्याच्या घरात शिकवलं नाही, मी शिकवलं नाही. कर्व्यांच्या वाचकाला पत्र पोस्टात टाकून पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे, आणि मिळायचं ते उत्तर शास्त्राला धरून असायचं. माझ्या विद्यार्थ्याला एका क्षणात मिळतं आणि ते खोटं असतं. दोन्हींना एकच न्याय लावू नका.

२०१५ साली सरकारने ८५७ अश्लील संकेतस्थळं बंद करायला घेतली, तेव्हा तुमच्यासारख्यांनीच स्वातंत्र्य-स्वातंत्र्य करून काही दिवसांत माघार घ्यायला लावली. २०२५च्या जुलैत असल्याच मजकुराची २५ अॅप बंद झाली. कोणाचं काय अडलं?

वकील_चिपळूण

मास्तर, मुलांचा मुद्दा सुप्रीम कोर्टासमोर येऊन गेलाय, तोही मराठी कथेवरून. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, पुण्यात खटला झाला, हायकोर्टाने दोषी ठरवलं. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने सोडलं. लैंगिक उल्लेख आला की पौगंडातल्या मुलांना नको, असं म्हणायचं तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील, अशा अर्थाचं त्या निकालात आहे. पुढे २०१४ला अवीक सरकार नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात कोर्टाने जुनी हिक्लिन कसोटीच बाजूला ठेवली, म्हणजे सुट्या उताऱ्याने कच्च्या मनाचा वाचक बिघडेल का एवढंच पाहणारी. वाक्य किंवा चित्र सुटं काढून नव्हे, तर आजच्या समाजाच्या मापाने आणि संदर्भासकट पाहायचं.

आणि खाडीपलीकडचे, तुमच्या उदाहरणापेक्षा ताजं देतो. कस्टम्सने चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची नग्नचित्रं अश्लील म्हणून अडकवली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई हायकोर्टाने ती सोडायला लावली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, असं सांगून. सूझा गोव्यातल्या साळगावचे, म्हणजे तेही किनाऱ्यावरचेच.

मास्तर_दापोली

निकाल पाठ असणं वेगळं आणि पस्तीस पोरांच्या वर्गात उभं राहणं वेगळं. १९६९च्या न्यायाधीशांसमोर दिवाळी अंक होता, मोबाइल नव्हता.

रोंबाटवालो

माका एक कळना नाय. तुमी सगळे कोकणची संस्कृती, कोकणची संस्कृती करतास, पण शिमग्याचा नाव कोण काढीना नाय. आमच्याकडे रोंबाट, म्हंजे शिमग्याची मिरवणूक, निघता तेवा काय काय बोलतत ता बारक्या पोरांच्या कानार पडताच मां? आमी तेच्यातच मोठे झालो, बिघाडलो नाय. वर्सातले धा दिवस मोकळीक असा, बाकी वर्सभर तोंड बंद. जुन्या मानसांका अक्कल होती. एका कागदासाठी कित्याक भांडतास?

चाकरमानी_डोंबिवली

वा, बरा विषय काढलात! आमच्या गावकीने गेल्या शिमग्याला काय केलं सांगू? होळीला फाका, म्हणजे अचकटविचकट आरोळ्या, घालतानाचा व्हिडिओ मी टाकला, तर गावाची बदनामी केली म्हणून सहाणेवर, पालखी बसते तिथे, सगळ्यांसमोर उभा केला. दंड भरायला लावला. अरे, रात्री तोंडाने बोललेलं चालतं आणि तेच दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलं की अश्लील? पालखी नाचवायला आम्ही रात्रीच्या गाडीने उभ्याने यायचं, वर्गणी आम्ही द्यायची, देवळाचा पत्रा आमच्या पैशाने, आणि नियम मात्र गावात बसणाऱ्यांचे. खरी सेन्सॉरशिप ही आहे. कर्व्यांचं काय घेऊन बसलात!

खाडीपलीकडचा

विषय मुखपृष्ठाचा आहे, वर्गणीचा नाही.

चाकरमानी_डोंबिवली

विषय एकच आहे. कोण ठरवणार काय दाखवायचं. गावात राहणारे की गाव चालवणारे?

रोंबाटवालो

गाव चालवनारे म्हंजे तुमी? वर्साक दोनदा येतास, गणपतीक आनि शिमग्याक!

माहेर_गुहागर

पुरुषांनो, जरा थांबा. इतका वेळ वाचतेय. फाका म्हणजे गंमत, मोकळीक, जुन्यांची अक्कल. फाका कोणाच्या नावाने घालतात ते कोणी लिहिलं नाही.

आमच्या वाडीत एका विधवा बाईच्या दारासमोर दरवर्षी तिचं नाव घेऊन फाका व्हायचा. शेजारच्या माणसाचं नाव जोडून. ती दार लावून आत बसायची आणि आम्ही मुली आमच्या ओटीवरून ऐकायचो. होम पेटला, शिमगा संपला, पुरुष सगळं विसरले. तिच्याकडे वर्षभर लोक त्याच नजरेने बघत. आता तोच फाका व्हिडिओत जातो. म्हणजे डोंबिवलीकर, पूर्वी वाडीपुरती होणारी बदनामी तुम्ही राज्यभर केलीत. तुमच्या व्हिडिओत बाईचं नाव होतं का, ते आधी सांगा.

चाकरमानी_डोंबिवली

परंपरेत असतं तेच होतं. मी काही पदरचं घातलं नाही. आणि ताई, तुम्हाला परंपरा पटत नसेल तर त्या दिवशी घरात बसावं.

माहेर_गुहागर

घरातच बसलो होतो. तेच तर सांगतेय.

आणि मास्तर, तुम्हालाही. तुम्ही अॅप बंद झाल्याचा आनंद मानताय. माझ्या भाचीचा चेहरा कॉलेजातल्या एका मुलाने नागड्या शरीरावर लावला आणि फोटो ग्रुपवर फिरवला. आम्ही चौकीत गेलो. समोरच्या माणसाने आधी फोटो स्वतः निरखून पाहिला, मग विचारलं, “मुलीचं त्याच्याशी काही होतं का?” आणि हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं. तिने कॉलेज सोडलं. संस्कारवाले कोणी घरी आले नाहीत. काचेच्या कपाटातल्या चित्रावर कागद लावायला मात्र माणसं मिळतात. त्या चित्रामुळे कोणाच्या आयुष्याची माती झाली सांगा मला.

वकील_चिपळूण

ताई, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमं लागतात. ६७अ खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२१च्या नियमांनी तर असे जोडकाम केलेले नग्न फोटो तक्रार आल्यापासून २४ तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं, आणि २०२६मध्ये ही मुदत दोन तासांवर आली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. भाचीला अजून लढायचं असेल तर मला निरोप पाठवा, फी घेणार नाही.

पण एक सांगतो. हेच ६७ कलम चित्रकारावर, विनोद करणाऱ्यावर, कवितेवर चटकन लागतं, आणि भाचीसारख्या मुलीसाठी लावायला पोलिसांना वेळ नसतो. कारण या कलमात प्रश्न ‘कामुक आहे का’ असा आहे. ‘तिला विचारलं होतं का’ असा नाही. मास्तर, तुमच्या त्या विद्यार्थ्यालाही हाच दुसरा प्रश्न शिकवायचाय ना?

मास्तर_दापोली

शिकवायचाच आहे. पण शिकवायला गेलो की पालक मुख्याध्यापकांकडे येतात, “सर पोरांना घाण शिकवतात” म्हणून. प्रजननाचा धडा आला की अर्धे शिक्षक “घरी वाचून या” म्हणतात. मी म्हणत नाही. त्यावरून मला लेखी खुलासा द्यावा लागलाय. मला सोवळा ठरवू नका.

अंक नासायला नको होता, एवढं मान्य. वर कापड टाकता आलं असतं. वेगळ्या खोलीत ठेवून बाहेर वयाची पाटी लावता आली असती. सिनेमाला वयाप्रमाणे दाखला मिळतो, तसं. पण आठवीतल्या मुलाने नग्न चित्र पाहिलंच पाहिजे, हे तुम्ही मला पटवू शकणार नाही.

खाडीपलीकडचा

पाहिलंच पाहिजे असं मी कुठे म्हटलं? तुमच्याच वर्गातल्या मुलाला अंगाबद्दल, संमतीबद्दल कोणी नीट सांगितलं नाही म्हणून तो फोनकडे गेला. शंभर वर्षांपूर्वी हेच काम एक माणूस नोकरी गमावून करत होता, आणि आज त्याचाच अंक आपण मुलांपासून लपवतोय.

पाटीला माझी हरकत नाही. रविवारी वाचनालयाची सभा आहे. कागद जाणकाराकडून सोडवून घ्यावा आणि यापुढे जुन्या अंकाला खळ लावू नये, असा ठराव मी मांडतो. वकीलसाहेब अनुमोदन देतील.

माहेर_गुहागर

मांडा ठराव. त्याच सभेत हेही मांडा, की यंदा बाईचं नाव घेऊन फाका घालायचा नाही आणि त्याचं चित्रण करायचं नाही.

चाकरमानी_डोंबिवली

नाव न घेण्याचं एक वेळ चालेल. पण तो विषय गावकीचा आहे. गावकीत मांडा, वाचनालयात नको.

माहेर_गुहागर

गावकीत बाईला बसायला देता का?