५ मेच्या मेक्सिकन पार्टीला जेवायला काय ठेवू?

परळकरीण: लोअर परळच्या आमच्या ऑफिसात ५ मेला 'सिंको दे मायो' ठरलंय. पोस्टरवर 'मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन', खाली खोट्या मिशा आणि टोपल्याएवढ्या टोप्या. जेवणाचं माझ्या गळ्यात. सत्तर माणसं, गच्चीवर, मे महिन्यात! नाचोज सोडून काय ठेवू? आणि खरंच तो स्वातंत्र्यदिन आहे का?

सॅनहोजे_रिटर्न: नाही हो ताई. तो १६ सप्टेंबरला. १८१० मध्ये दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने घंटा वाजवून लोकांना स्पेनच्या राजवटीविरुद्ध उठवलं, तो दिवस. ५ मे म्हणजे पुएब्लाची लढाई. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष हुआरेझ यांच्या सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, फ्रेंच वसुलीच्या नावाखाली घुसले आणि १८६२ मध्ये जनरल सारागोसाने त्यांना पुएब्लात मागे रेटलं. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी ते शहर घेतलं, पण ते पोस्टरवर कोण लिहिणार!

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला सहा वर्षं काढली. टीममधली एकजण पुएब्लाचीच. ५ मेला पोरं टोप्या घालून तिला 'हॅपी इंडिपेंडन्स डे' करायची, ती नुसती हसायची. एकदा घरी बोलावून तिने मोले खाऊ घातला. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे भाजून वाटलेले, वर किंचित चॉकलेट. चॉकलेट वगळलं तर आमच्या आईचंच वाटण. तिच्या गावाबाहेर मेक्सिकोत या दिवसाचं फारसं कौतुक नसतं म्हणे. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांनी तो १८६० च्या दशकापासून जपला. पुढे चिकानो चळवळीने, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीने, उचलला, मग बिअर कंपन्यांनी.

गिरगावची_मावशी: सत्तर जणांना मोले करायला जाऊ नकोस गं, वाटतावाटता हात गळून पडतील. मक्याच्या तोर्तिया, म्हणजे त्यांच्या पोळ्या, त्याही नको. त्यांचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, आपल्या साध्या मक्याच्या पिठाची लाटायला गेलीस तर फाटते. गव्हाच्या कर, उत्तर मेक्सिकोत त्याच खातात. आत घोटलेला राजमा, वर कांदा-टोमॅटो-मिरची बारीक चिरून, लिंबू पिळून. मेयोनीज उन्हात अजिबात ठेवायचं नाही. प्यायला चिंचेचं सरबत, तिकडेही पितात.

परळकरीण: पोस्टरवर आता 'पुएब्लाची लढाई' आलंय. मिशा तशाच आहेत. मावशी, चिंच किती घेऊ?

गिरगावची_मावशी: दीड किलो, बिया काढलेली. आदल्या रात्री भिजत घाल. आणि गूळ नाही हां, साखर.