कडीपाटाच्या छतातून एसीचा ड्रेन पाइप (दांडिया बाजार, वडोदरा)

प्रश्न: जुन्या वाड्यातल्या कड्या (छत पेलणारी आडवी लाकडं) १०० मिमी उंचीच्या आहेत. एसीचं पाणी ४ मीटरवरच्या मोरीत न्यायचंय. कड्यांना भोकं पाडली तर चालेल का?

— नको हो! भोक कडीच्या उंचीच्या पावपट, म्हणजे २५ मिमीच, आणि तेही मध्यरेषेवर. २० मिमीचा पाइप आणि त्यावर दोन्ही बाजूंनी ९-९ मिमीचं इन्सुलेशन म्हणजे झाले ३८. शिवाय मीटरला १ सेंमी उतार धरला तर शेवटचं भोक ४ सेंमी खाली, नेमकं ताण पडतो तिथे.

— कड्यांखालून न्या, दर अर्ध्या मीटरला क्लॅम्प. झोळ पडला की शेवाळ साचतं. इन्सुलेशन वगळलंत तर पावसाळ्यात पाइपला घाम सुटून लाकूड कुजेल. टोक मोरीच्या पाण्यात बुडवू नका. पाइप झाकण्याआधी एसीच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून बघा.

— भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, मिस्त्री हमखास सरळ पाडतात.