विलंबित ख्यालात सम का निसटते?

प्रश्न
माझी मुलगी पुण्यात सहा वर्षांपासून कथक शिकते आहे. तिच्या वर्गात बसून मलाही त्रितालाच्या १६ मात्रा हातावर धरता येऊ लागल्या, आणि तिहाई (तीनदा घेतला जाणारा बोलसमूह) सुरू झाली की तिचा शेवटचा ‘धा’ कुठे पडणार हेही आता कळते. परंतु गाण्याच्या मैफलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या मात्रेपाशीच माझा हिशेब चुकतो. सभोवतालचे श्रोते समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, दाद देतात तेव्हा मी अजून मोजतच असते. नृत्यात सापडणारी सम गाण्यात का निसटते?

प्रतिसाद १
कथकमध्ये ताल दाखवण्याचे काम लेहरा करतो. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर एकच सुरावट दर आवर्तनात (तालाच्या प्रत्येक फेरीत) जशीच्या तशी येत राहते, त्यामुळे तबलावादक नर्तकीच्या पदन्यासाबरोबर तुकडे आणि परण यांसारख्या रचना वाजवायला मोकळा असतो. ख्यालात ही जबाबदारी उलटते: तबल्याने ठेका (तालाचे ठरलेले बोल) सांभाळायचा आणि गायकाने प्रत्येक आवर्तन नव्याने भरायचे. आपल्या कानाला सुरावटीवरून ताल ओळखण्याची सवय झाली आहे, म्हणून आपण आलापाबरोबर वाहत जाता आणि ठेका मागे राहतो. काही दिवस गळ्याइतकेच लक्ष तबल्याकडे द्यावे.

प्रतिसाद २
वरील मुद्द्याला ठेक्याची जोड देतो. एकतालाचे बोल असे आहेत: धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. मात्रा १२ असल्या तरी अतिविलंबित लयीत एकेका मात्रेचे चार भाग धरले जातात, म्हणजे आवर्तनाला ४८ ठोके होतात, आणि ते सगळे मोजत बसल्यास गाणे ऐकायचेच राहून जाते. त्याऐवजी ‘तिरकिट’ ही खूण धरावी. ती चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येते. चौथ्या मात्रेनंतरच्या ‘तू ना’ मध्ये डग्गा (तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा) गप्प असतो. दहाव्यानंतरच्या ‘धी’ मध्ये तो घुमतो. हा घुमारा ऐकू आला की समेला दोनच मात्रा उरल्या आहेत असे समजावे.

प्रतिसाद ३
ठेक्याची ही खूण अचूक आहे, तरीही माझ्या मते सुरुवात मुखड्यापासून (बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांपासून) व्हावी, कारण गायक कितीही दूर गेला तरी बंदिशीचा तोच तुकडा उचलून तो समेवर परततो, आणि त्या परतण्यातच ख्यालाचा खरा आनंद आहे. आपल्याला त्रिताल येतोच, तेव्हा एकताल तूर्त बाजूला ठेवून जयपूर-अत्रौली गायकी ऐकावी. अल्लादिया खाँसाहेबांनी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने रुजवलेल्या या गायकीत विलंबित त्रितालाला मोठे स्थान आहे आणि लयही फार संथ नसते, त्यामुळे मुखडा स्मरणातून पुसण्याआधीच पुन्हा भेटतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांची दीर्घ ध्वनिमुद्रणे यासाठी उत्तम आहेत. त्यांना खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या दोघांचीही तालीम मिळाली होती.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल एकतालातील एक ख्याल लावून केवळ डग्गा ऐकला, तेव्हा दुसरा ‘तिरकिट’ तीन आवर्तनांत स्पष्ट ओळखता आला, आणि त्यांपैकी एकदा मुखड्याबरोबर मीही समेवर पोहोचले. आता मन्सूरांचा त्रिताल मुलीला शेजारी बसवून ऐकणार आहे. टाळी-खाली (हाताने ताल दाखवण्याच्या खुणा) ती धरेल, मी मुखडा धरीन.