मदत हवी आहे: प्लेस्टेशन 2 वर ‘बर्नआउट 3’ हा रेसिंग गेम, एलईडी टीव्हीवर स्टिअरिंग उशिरा लागतं

बटण दाबल्यावर गाडी अंदाजे 100 मिलिसेकंद उशिरा वळते. ताशी 300 किमी वेगाला तेवढ्यात 8 मीटर अंतर जातं, म्हणजे समोरून येणारी बस चुकवणं किंवा वेळेवर ड्रिफ्ट धरणं अशक्यच. कंट्रोलर बरा आहे; जुन्या डब्बा टीव्हीवर अजिबात उशीर नाही.

टीव्हीचा गेम मोड चालू केला, थोडाच फरक पडला. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लावला तर उशीर वाढला आणि चित्रही धूसर झालं. संशय इंटरलेस्ड सिग्नलवर आहे (यात चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे फील्डमध्ये येतं): टीव्ही दोन फील्ड जोडत बसतो, तिथेच वेळ जातो.

आता कंपोनंट केबल (चित्राचा सिग्नल तीन वेगळ्या तारांतून नेणारी) घ्यायची आहे. (प्लेस्टेशनच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये रंगांच्या सिग्नलचा प्रकार आरजीबीऐवजी वाय-पीबी-पीआर निवडायचा, नाहीतर रंग बिघडतात, हे माहीत आहे.)

विचारायचं असं: नुसत्या कंपोनंटने उशीर कमी होतो का, की ओएसएससीसारखा लाइन डबलरच (चित्राची प्रत्येक ओळ दुप्पट करून टीव्हीला देणारा डबा) लागतो? त्यावर इंटरलेस्ड चित्र थरथरतं. दादरच्या छोट्या खोलीत, पाच फुटांवरून ते किती खुपतं? आणि लॅमिंग्टन रोडवर पाचही पिना (तीन चित्राच्या, दोन आवाजाच्या) असलेली चांगली केबल सध्या मिळते का?