मदत हवी आहे: सिस्टिक फायब्रोसिसच्या औषधाच्या ट्रायलमध्ये कुणी (किंवा घरातलं कुणी) भाग घेतलाय का?

सहकारनगरची_आत्या

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा भाचा १९ वर्षांचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला असतो, त्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) आहे, म्हणजे जन्मजात आजार, फुफ्फुसात चिकट कफ साठतो आणि पचनही बिघडतं. जन्म मात्र पुण्यातलाच. लहानपणी सारखा खोकला, वजन वाढेना, शी तेलकट. आधी दमा, मग प्रायमरी कॉम्प्लेक्स, सगळी औषधं देऊन झाली. आई तेव्हापासून म्हणायची की ह्याचा पापा घेतला की खारट लागतं, आणि आम्ही म्हणायचो अगं मे महिना आहे, घाम येणारच. भाऊ तिकडे गेला, हा साडेतीन वर्षांचा असताना तिकडे घामाची टेस्ट झाली, क्लोराइड (घामातलं मीठ) साठच्या बरंच वर, साठच्या वर म्हणजे हाच आजार, आणि मग सगळा उलगडा झाला. आई अजून ऐकवते.

आता मुद्दा. २०१९-२० मध्ये ती तीन औषधांची गोळी आली (अमेरिकेत ट्रायकाफ्टा, तिकडे काफ्ट्रिओ) तेव्हा आम्ही इथे पेढे आणायचेच बाकी होतो. पण ह्याची दोन्ही म्युटेशन्स (आई-वडिलांकडून आलेले जीनमधले बिघाड) नॉनसेन्स प्रकारची आहेत. म्हणजे गोळी बिघडलेल्या प्रोटीनला ताळ्यावर आणते, ह्याच्या पेशीत प्रोटीन पूर्ण बनतच नाही, मग ती सुधारणार कशाला? साधारण दहातला एक पेशंट असा उरतो, त्यात हा.

आता त्याला नेब्युलायझरमधून घ्यायच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलंय, फेज १/२. भावाने मला ३० पानी माहितीपत्रक पाठवलं कारण मी पूर्वी औषध कंपनीत क्वालिटीला होते, पण गोळ्यांची बॅच तपासणं वेगळं आणि पोराची सही वेगळी. बाबा म्हणतात "आपला पोरगा काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का". वहिनी रात्री दोनला फोन करून रडते. आणि पोरगा स्वतः एकदम थंड, आत्या मी १९ चा आहे सही माझीच लागते म्हणतो, ते खरंच आहे.

शास्त्र मी वाचलंय, मला ते नकोय. जे स्वतः आत जाऊन आलेत त्यांनी सांगा, सही करायच्या आधी काय विचारायला हवं होतं असं नंतर वाटलं?

पेठेतला_वैद्यकप्रेमी

कशाला त्या भानगडीत. सितोपलादी मधातून द्या, सकाळ-संध्याकाळ.

सहकारनगरची_आत्या

@पेठेतला, आभारी आहे, पुढे.

तूपपोळी_डोस

मी स्वतः होतो. मूळचा कर्वेनगरचा, बरीच वर्षं अमेरिकेत. तुम्ही म्हणता त्याच तीन औषधांच्या ट्रायलमध्ये २०१८ ला, २४ आठवडे, अर्ध्या लोकांना औषध अर्ध्यांना औषध नसलेल्या रिकाम्या गोळ्या, कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नाही. गोळी फॅट असलेल्या खाण्याबरोबर घ्यायची असते म्हणून मी रोज तूप-पोळीबरोबर घ्यायचो आणि प्रत्येक खोकल्याचा अर्थ लावायचो. आज कमी आला का, कफ पातळ झाला का. ठरावीक दिवशी फुंकायची टेस्ट (फुफ्फुसाची ताकद टक्क्यांत मोजतात), हातावर घाम काढायचा, लिव्हरसाठी रक्त, ईसीजी, आणि ते प्रश्नावलीचं पॅड. फुंकताना वाटायचं की आपण नापास झालो तर औषध नापास होईल.

२४ आठवड्यांनी सगळ्यांना खरं औषध देणारा पुढचा टप्पा होता. त्यातला पहिला डोस घेतला आणि काही तासांत जो कफ सुटायला लागला तो रात्रभर, बाथरूममध्ये बसून होतो, बायको घाबरून ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाली. तेव्हा कळलं की सहा महिने मी निष्ठेने रिकाम्या गोळ्यांना तूप चारत होतो. राग आला का? आला, दोन दिवस. पण त्या रिकाम्या गोळीवाल्यांशी तुलना करूनच फुंकीतला फरक सरासरी १४ पॉइंट निघाला आणि तीच गोळी आता कितीजण घेतात.

पण ताई, नीट ऐका, माझी फेज ३ होती. फेज १/२ मध्ये मुख्य प्रश्न औषध सोसतं का आणि किती डोस द्यायचा हा असतो, सुरुवातीच्या गटाला अगदी कमी डोस मिळतो. पोराला "मला बरं वाटेल" म्हणून जायचं असेल तर हे आधी त्याच्याशी बोला.

विचारायचं काय: ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार की त्या दिवशी बंद? हे लेखी. सध्याची कुठली औषधं थांबवायची? मध्येच सोडलं तर किती दिवस तपासण्या चालू? (सोडायला कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीच्या उपचारावर परिणाम व्हायला नको, हे छापलेलं असतं, बघा.) आणि हे घेतल्यावर दुसऱ्या ट्रायलला चालेल का, विशेषतः व्हायरसमधून जीन पोचवायचा प्रकार असेल तर, कारण त्या व्हायरसविरुद्ध शरीर अँटीबॉडीज करतं आणि पुन्हा तोच मार्ग बंद होऊ शकतो.

हो आणि आजीने पाठवलेला काढा, च्यवनप्राश, जे असेल ते सगळं नर्सला सांगायचं. मी लपवलं होतं, लिव्हरचे आकडे वाढले आणि मग चार दिवस सगळ्यांची झोप उडाली.

नेब्युलायझरवाली_आई

माझी मुलगी ११ ची, पुण्यातच, कोथरूड. रोज दोनदा सलाइनची वाफ, पाठीवर थापट्या, जेवणाआधी एन्झाइमच्या कॅप्सूल, उन्हाळ्यात ओआरएस आणि वरून मीठ. ती गोळी अमेरिकेत आली तेव्हा वर्षाची किंमत ३ लाख डॉलरच्या वर होती, तेव्हा आमचं स्वप्न कळेल. मी दर महिन्याला सीटीआरआयवर (आपली ट्रायल नोंदवायची सरकारी साइट, २००९ पासून नोंदणी सक्तीची) शोधते. तुमच्या बाबांना सांगा, कुणीतरी विचारतंय ह्याचाच इकडे काहींना हेवा वाटतो. रागावू नका हं, पण वाटतो.

बाकी एक, त्याला तिथे बोलायला कोण आहे? सीएफची मुलं एकमेकांच्या जवळ येऊ शकत नाहीत, जंतू एकमेकांना लागतात. शेजारच्या खोलीत कोण ट्रायलमध्ये आहे हे पोराला कळणारही नाही.

सहकारनगरची_आत्या

दोघांचे खूप आभार. @तूपपोळी, तुमचं उत्तर भावाला फॉरवर्ड केलं, त्याने आईला वाचून दाखवलं, आई म्हणाली म्हणजे काढा बंद का? कबूल झालं की दर महिन्याला कुणी ना कुणी जाणाऱ्याबरोबर एक बरणी जातच होती आणि ही गोष्ट तिथल्या टीमला कधीच सांगितलेली नाही!!

@आई, रागवायचं काय. कोथरूड लांब नाही, काही लागलं तर व्यनि करा, एन्झाइमच्या कॅप्सूल संपल्या तर माझी जुनी ओळख आहे एका होलसेलवाल्याकडे.

पोराने आज चार प्रश्न लिहून मेल केलेत तिकडच्या को-ऑर्डिनेटरला. पाचवा त्याचा स्वतःचा: डिसेंबरात पुण्यात बहिणीचं लग्न आहे, व्हिजिटची तारीख आठ दिवस पुढे-मागे होईल का. उत्तर आलं की लिहिते.